नियमाच्या पोटातला प्रश्न

'ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज' ऊर्फ ओसीएल हे नाव वाचलं की बंधनं घालणारी भाषा डोळ्यांसमोर येते. मॉडेलच्या आकृतीतल्या चौकटी आणि रेषांत न मावणारे नियम नेमकेपणाने मांडता यावेत म्हणूनच आयबीएममध्ये १९९५च्या सुमारास ती घडली. योस वार्मर हे तिचे प्रमुख शिल्पकार. १९९७मध्ये सॉफ्टवेअरची मॉडेलं आकृत्यांत मांडणाऱ्या यूएमएलच्या १.१ आवृत्तीसोबत तिला मानकाचा दर्जा मिळाला. तरीही माझ्या मते ती जन्मापासूनच प्रश्न विचारणारी भाषा आहे, आणि पुरावा तिच्या कुळातच सापडतो. तिचा थेट पूर्वज म्हणजे स्टीव्ह कुक आणि जॉन डॅनियल्स यांची 'सिंट्रोपी' पद्धत. तिथला काटेकोरपणा 'झेड' या गणिती लेखनपद्धतीकडून आला. पण सिलेक्ट, रिजेक्ट, कलेक्ट ही ओसीएलची रोजची क्रियापदं स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेची आहेत, आणि तिथे ती वस्तूंच्या समूहातून हवं ते मिळवण्यासाठी वापरली जातात. ग्रंथालयाचं मॉडेल घ्या. वाचकाकडे मुदत उलटलेली दोनहून जास्त पुस्तकं नसावीत, हा नियम देवनागरीत असा उतरेल: सेल्फ.पुस्तके->सिलेक्ट(प | प.मुदतबाह्य)->साइज() <= २. आता शेवटचं '<= २' बोटाने झाका. उरतो तो निखळ प्रश्न: या वाचकाकडे मुदत उलटलेली किती पुस्तकं आहेत? शिवाय ओसीएलचं वाक्य मॉडेलमधलं काहीही बदलत नाही, फक्त पाहतं. हा गुण नियमाला लागतो तितकाच प्रश्नालाही.

डेटाबेसच्या तक्त्यांना प्रश्न विचारणारी एसक्यूएल असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण तक्त्यांमध्ये नातं मूल्यं जुळवून शोधावं लागतं. मॉडेलमध्ये ते आधीच रेघेने जोडलेलं असतं आणि एका टिंबाने ओलांडता येतं. याहून वजनदार आक्षेप मांडेल आणि सेंगार्ले या संशोधकांनी १९९९मध्ये घेतला: तक्त्यांवरच्या प्रश्नांचा गणिती पाया असलेल्या रिलेशनल बीजगणितात जे विचारता येतं, ते सगळं ओसीएलमध्ये विचारता येत नाही. आक्षेप खरा होता. वेगवेगळ्या वस्तूंमधली माहिती एका ओळीत बांधून उत्तर म्हणून देण्याची सोय तिच्यात नव्हती. २००६च्या २.० आवृत्तीत अशी ओळ बांधणारे टपल आले आणि ती उणीव भरून निघाली. नुसती बंधनंच लिहायची असती, तर या सोयीची फारशी गरज पडली नसती. पुढे एका मॉडेलमधून दुसरं घडवणाऱ्या क्यूव्हीटी आणि एटीएल या भाषांनीही ओसीएलचाच आधार घेतला. एटीएलच्या नियमात 'फ्रॉम'नंतर कंसात जी अट येते, ती कुणाला अडवत नाही. मूळ मॉडेलमधले कोणते घटक उचलायचे, एवढंच ठरवते.