पडद्यामागील आवाजाचा इतिहास : नोबुयो ओयामा यांची कारकीर्द

प्रस्तावना

चित्रपट व दूरचित्रवाणी यांचा इतिहास बहुधा दिग्दर्शक आणि पडद्यावर दिसणारे नट यांच्या आधारे लिहिला जातो. जो कलावंत केवळ आवाजाच्या रूपाने उपस्थित असतो, त्याची नोंद त्यात क्वचितच होते. जपानमध्ये अशा कलावंतासाठी ‘सेइयू’ ही स्वतंत्र संज्ञा रूढ आहे. ‘डोरेमॉन’चा आवाज म्हणून ख्याती पावलेल्या नोबुयो ओयामा (१९३३-२०२४) यांच्या कारकिर्दीच्या आधारे या व्यवसायाचा परामर्श घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवसायाची पार्श्वभूमी

जपानमध्ये दूरचित्रवाणीचे प्रसारण १९५३ मध्ये सुरू झाले. या माध्यमास प्रतिस्पर्धी मानणाऱ्या मोठ्या चित्रपट कंपन्यांनी १९५६ पासून त्यास चित्रपट देणे थांबविले. ही पोकळी अमेरिकन मालिकांनी भरून काढली आणि त्यांच्या जपानी डबिंगसाठी नभोवाणी व रंगभूमीवरील कलावंतांना पाचारण करण्यात आले. मुलांच्या रात्रीच्या कामावर कायद्याचे निर्बंध होते. शिवाय मुलग्याचा आवाज वाढत्या वयात फुटतो. त्यामुळे मुलग्यांच्या भूमिका प्रौढ स्त्रियांकडे आल्या. १९६३ मधील ‘तेत्सुवान आतोमु’ या मालिकेच्या नायकाला मारी शिमिझू यांनी आवाज दिला, तो याच प्रथेनुसार होय.

ओयामा यांची वाटचाल

ओयामा यांचा जन्म टोकियोचा. शाळेत त्यांच्या घोगऱ्या आवाजाची टवाळी होत असे. आवाज लपवू नये, उलट अधिक वापरावा, असा सल्ला आईने दिला आणि त्या शाळेच्या प्रसारण मंडळात सामील झाल्या. पुढे हाइयुझा नाट्यसंस्थेच्या प्रशिक्षणवर्गात त्यांनी शिक्षण घेतले व १९५६ मध्ये एनएचकेच्या नाटकातून पदार्पण केले. १९६५ मधील ‘हसल पंच’चा नायक, १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘साझाए-सान’मधील कात्सुओ आणि १९७७ मधील ‘झॅम्बॉट ३’चा नायक कॅप्पेई अशा मुलग्यांच्या भूमिका त्यांनी केल्या.

डोरेमॉनची पहिली मालिका १९७३ मध्ये अल्पकाळ चालली. तिच्यात आवाज आधी कोसेइ तोमिता व नंतर मासाको नोझावा यांचा होता. एप्रिल १९७९ मध्ये टीव्ही असाहीवर नवी मालिका सुरू झाली, तेव्हा ४५ वर्षांच्या ओयामा यांची निवड झाली. मार्च २००५ पर्यंत, म्हणजे सुमारे २६ वर्षे, त्यांनी ही भूमिका सांभाळली.

आपुलकी आणि श्रम

इतक्या दीर्घ सहवासामुळे प्रेक्षकांना आवाज आणि पात्र एकरूप वाटू लागतात. तथापि या आपुलकीत आवाजामागील श्रम झाकले जातात, हे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेतले पाहिजे. १९७३ मध्ये जपानी आवाज-कलावंतांनी मानधनवाढीसाठी संप पुकारला व मोर्चाही काढला. म्हणजेच प्रेक्षकांस जो जिव्हाळा वाटत होता, तो कलावंतांच्या दृष्टीने उपजीविकेचाही प्रश्न होता.

ओयामा यांच्यावर २००१ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही त्या कामावर परतल्या. २००५ मध्ये मात्र पाचही प्रमुख पात्रांचे कलावंत एकाच वेळी बदलण्यात आले आणि डोरेमॉनचा आवाज वासाबी मिझुता यांच्याकडे आला. पात्र वयातीत असते; कलावंत नसतो. २०१० मध्ये ‘डांगानरोंपा’ या व्हिडिओ गेममधील मोनोकुमा या क्रूर पात्रास ओयामा यांनी आवाज दिला. एका गोड पात्राशी बांधली गेलेली ओळख म्हणजे या अभिनेत्रीची सीमा नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. २०१५ मध्ये त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे त्यांच्या पतीने जाहीर केले. ज्या आवाजाने पिढ्यांचे बालपण स्मरणात राहिले, त्या आवाजाच्या धनिणीचीच स्मृती मावळत गेली.

समारोप

महाराष्ट्रातील घरांत डोरेमॉन पोहोचला तो प्रामुख्याने हिंदी डबिंगमधून. म्हणजे येथील मुलांनी ओळखलेला आवाज ओयामा यांचा नव्हता, तर दुसऱ्याच कुणा कलावंताचा होता. आपल्याकडील त्या कलावंतांची नावे आपणास कितीशी ठाऊक आहेत? ओयामा यांच्या कारकिर्दीची नोंद राहिली, कारण जपानी समाजाने आवाजालाही व्यवसाय, नाव आणि प्रतिष्ठा दिली. नभोवाणी व डबिंग क्षेत्रांतील आपल्या ज्येष्ठ कलावंतांच्या मौखिक नोंदी वेळीच जतन करणे, हे यातून आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांपुढे येणारे कार्य होय.