वकिलाने वसवलेलं गाव

मी सरकारी कचेरीतला कारकून. निम्मं आयुष्य कलमं आणि पोटकलमं वाचण्यात गेलं. त्यामुळेच असेल, पण नवी वसाहत उभी राहिली की मला आधी तिचं करारपत्र वाचावंसं वाटतं. म्हणून आज अब्राहम लेव्हिट यांच्याविषयी.

त्यांचा जन्म १८८० चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. घरची गरिबी. शाळा लहानपणीच सुटली. पेपर विकले, भांडी घासली. पण विशीत नेटाने परीक्षा देऊन कायदा शिकले आणि जमीनजुमल्याचे वकील झाले. पुढे एका बिल्डर अशिलाचे पैसे अडकले, त्याची जमीन यांच्या गळ्यात पडली, आणि वकील स्वतःच घरं बांधू लागला! १९२९ साली 'लेव्हिट अँड सन्स' कंपनी निघाली. थोरला विल्यम धंदा सांभाळी, धाकटा आल्फ्रेड नकाशे काढी आणि म्हातारबुवा झाडं-हिरवळीकडे बघत.

दुसऱ्या महायुद्धावरून लाखो सैनिक परतले, पण राहायला घरं नव्हती. लेव्हिटनी लाँग आयलंडवरची बटाट्याची शेतं घेतली. बांधकामाची सव्वीस-सत्तावीस कामांत विभागणी केली. प्रत्येक टोळीने एकच काम करायचं आणि पुढच्या घराकडे सरकायचं. ऑक्टोबर १९४७ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. १९५१ पर्यंत सतरा हजारांवर घरं झाली. गावाचं नावच लेव्हिटटाऊन! सुरुवातीचं भाडं महिना ६० डॉलर. सामान्य माणसाला अंगण मिळालं, हे त्यांचं श्रेय कोणी नाकारू नये.

पण भाडेकरारातलं २५ वं कलम वाचा. गोऱ्या वंशाखेरीज कोणीही इथे राहायचं नाही, मात्र घरकामाचे नोकर चालतील! ज्यू म्हणून भेदभाव सोसलेल्या समाजातल्या कुटुंबाच्या कंपनीने हे लिहावं? विल्यम यांचा युक्तिवाद धंद्याचा होता : काळ्यांना घर दिलं तर गोरे येणार नाहीत.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की अशा अटी न्यायालयांनी राबवायच्या नाहीत. पुढे कंपनीने कलम गाळलं, शिरस्ता मात्र तसाच ठेवला. १९५७ साली पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये मायर्स या कृष्णवर्णीय कुटुंबाने मूळ मालकाकडून घर विकत घेतलं, तेव्हा बाहेर जमाव जमला, दगड पडले, काचा फुटल्या. अब्राहम १९६२ मध्ये वारले. घरं देताना भेदभाव करायला देशभर बंदी घालणारा कायदा आला तो १९६८ मध्ये.

आपल्या गोव्यात असलं कलम कुठल्या करारपत्रात कोणी लिहिणार नाही. आपली राज्यघटना आहे. पण "अमक्यांना आम्ही भाड्याने देत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलं नाही काय? कागदावरचं कलम खोडता येतं, कोर्टात नेता येतं. तोंडी कलमाला ना नंबर, ना तारीख, ना सही. ते खोडायचं काम कुठल्याच कचेरीत होत नाही, ते ज्याचं त्यानेच करायचं.