निबंध

निबंध : एखाद्या विषयावरचे विचार, माहिती किंवा अनुभव आपल्या क्रमाने बांधून मांडणारा गद्यलेख. ‘नि’ हा उपसर्ग आणि बांधणे या अर्थाचा ‘बंध्’ हा धातू यांपासून हा शब्द झाला. संस्कृतात तो धर्मशास्त्रावरील संकलनांना लावत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ आणि कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) हे त्या अर्थाचे निबंधग्रंथ. विखुरलेली वचने गोळा करून निर्णय सांगणे हे त्या निबंधकाराचे काम. फ्रेंच लेखक माँतेन याने १५८० मध्ये आपल्या लेखांना दिलेल्या नावाचा अर्थ मात्र ‘प्रयत्न’, ‘चाचपणी’ असा होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेल्या मराठी लेखकांनी हा पाश्चात्त्य प्रकार घेतला आणि त्यावर जुने संस्कृत नाव चढवले. बांधणी घट्ट असावी की चाल मोकळी, ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

पूर्वपीठिका : मराठी गद्याला लेखनाची शिस्त लावली ती पत्रांनी आणि दप्तरांनी. रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. वाटोळे, सुटे अक्षर, सरळ ओळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वळण हे सारे त्यात येते. कागदाभोवती जागा सोडायची ती कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून. कागदावरच्या समासाचे इतके व्यवहारी कारण क्वचितच कोणी सांगितले असेल. मोडी लिपीत लिहिणारा कारकून आधी ओळ आखून घेई आणि तिला अक्षरे लटकवत जाई. शब्दांत अंतर नसे, विरामचिन्हेही नसत. तरी वाचणारा अडत नसे, कारण पत्राचा साचा ठरलेला असे. मायन्यावरून नाते कळे : वडिलांना ‘तीर्थरूप’, लहानांना ‘चिरंजीव’, परक्याला ‘राजमान्य राजश्री’. ‘विनंती विशेष’ म्हटले की खरा मजकूर सुरू होई आणि ‘लोभ असावा ही विनंती’ म्हणून संपे. आजच्या सरकारी अर्जातील ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘महोदय’ हा त्याच जातीचा साचा आहे. आपण कोणाशी बोलतो आहोत हे पहिल्या ओळीत ठरवायचे, ही पत्राची शिकवण. मराठी निबंधाचे उत्तम नमुने तिच्याच जोरावर उभे आहेत.

वाढ : बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ हे वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि निबंधाला वाचक मिळू लागला. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने समाजावर टीका केली, तीही पत्रांच्या रूपात. ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जातात. प्रत्यक्षात त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. वाक्ये आखूड, बोली रोखठोक, आणि आपल्याच लोकांना उद्देशून असलेला सूर अनेकदा झोंबणारा.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले. त्याचे ८४ अंक निघाले. लोकहितवादींवर त्यांनी याच मालेतून कठोर हल्ला चढवला. त्यांचा आवेश ओसंडतो, प्रतिपक्षाला न्याय देण्याची त्यांना फारशी हौस नव्हती. पण लांब, पल्लेदार मराठी वाक्य तोल न जाता शेवटच्या क्रियापदापर्यंत नेता येते हे त्यांनी दाखवून दिले. १८८२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापले गेले. त्यात तर पुरुष वाचकाला समोर बसवून जाब विचारलेला आहे. पुढे आगरकर, टिळक, शि. म. परांजपे यांनी निबंध वर्तमानपत्रात नेला. परांजप्यांच्या वक्रोक्तीने सरकारला राजद्रोहाचा खटला भरायला लावले.

विसाव्या शतकात ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांचा लघुनिबंध गप्पांच्या वळणावर गेला आणि लवकरच साच्यात अडकला. त्यातून ललित निबंध सुटला. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ हे त्याचे ठळक उदाहरण.

लेखनाची अंगे : विरामचिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांना देतात. शुद्धलेखनाचे आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे; १९६२ मध्ये चौदा नियम ठरले, १९७२ मध्ये चार वाढले. उच्चारात नसलेले अनुस्वार या नियमांमुळे गेले. बांधणीच्या दृष्टीने एका परिच्छेदात एक मुद्दा पुरतो. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येत असल्याने कर्ता आणि क्रियापद यांच्यात फार भरले तर वाचक वाटेत दमतो, वाक्य तोडावे. सुरुवातीला सुभाषित ठोकण्याची खोड मोडलेली बरी.

शालेय निबंध : वर्णनात्मक, आत्मकथनात्मक, कल्पनात्मक, वैचारिक अशी वर्गवारी शाळेत शिकवतात. ‘माझा आवडता ऋतू’, ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ हे विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मुले मार्गदर्शिकेतून ते पाठ करतात, आणि साहजिकच हजारो पुस्तके एकाच शब्दांत फाटतात. लिहिणाऱ्यासमोर परीक्षकाखेरीज कोणी नसते, हे त्याचे एक कारण.

याला जुना आणि लखलखीत अपवाद आहे. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने दोन अंकांत छापला. तिचे वय तेव्हा चौदाच्या आसपास होते. विषय होता मांग-महारांचे दुःख. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आम्ही कोणत्या धर्माचे, असे ती देवालाच विचारते. मग वाड्यांच्या पायात माणसे गाडल्याचे सांगते, आणि डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल सांगते.