'इतर' नावाचा संघ

थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेल्या ऋतुराज गायकवाडने २०२२ साली महाराष्ट्राकडून खेळताना एका षटकात सात षटकार ठोकले. त्यातला एक चेंडू नोबॉल होता. पिंपरी-चिंचवडकरांना त्याचा अभिमान वाटणे साहजिकच. ती स्पर्धा विजय हजारे करंडकाची होती. हजारे हे सांगलीच्या मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबातले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? त्यांची सर्वात अविस्मरणीय खेळी ज्या संघासाठी झाली, त्याला तर धड नावही नव्हते.

मुंबईत १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने रंगत. १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान. १९३७ साली पाचवा संघ घेण्यात आला, तो 'रेस्ट', म्हणजे 'इतर'. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे वर्गवारीतून उरलेले सारे त्यात. मरीन ड्राइव्हवर कॅथलिक जिमखाना होता खरा. स्पर्धेत मात्र कॅथलिकांना 'इतरां'तच जागा होती.

त्याच वर्षी नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधील आसनांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याने स्पर्धेतून अंग काढून घेतले. वाट्याला आलेल्या जागा त्यांना अपुऱ्या वाटल्या. ज्याच्या पाठीशी मोठा समाज, त्याच्या रुसव्याला वजन. 'इतर' रुसले असते तर त्यांची समजूत काढायला कोण गेले असते? अमेरिकेतही संघांचे गट असेच बदलतात. २०२४ साली प्रशांत किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा फुटबॉल संघ 'अटलांटिक किनारा' नावाच्या गटात जाऊन बसला. तिथे दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांचा हिशेब असतो, इथे धर्माचा होता. १९४० मध्ये गांधीजींनी या स्पर्धेला उघड विरोध केला. १९४६ नंतर ती भरली नाही. १९३४ मध्ये सुरू झालेली, प्रांतांच्या संघांची रणजी स्पर्धा तेवढी उरली. हजारे त्यात महाराष्ट्राकडून आणि पुढे बडोद्याकडून खेळले.

पण १९४३ चा अंतिम सामना सांगितलाच पाहिजे. त्याआधी मुसलमानांविरुद्ध हजाऱ्यांनी २४८ धावा काढून स्पर्धेतला विक्रम केला होता. अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद २५० करून तो मोडला आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. 'इतर' १३३ धावांत गारद झाले. फॉलोऑननंतर पाच गडी झटपट बाद झाले आणि विजयचा भाऊ विवेक खेळायला आला. दोघांनी ३०० धावांची भागी केली. त्यांत विवेकच्या धावा होत्या २१! एक भाऊ नुसता उभा राहिला आणि दुसऱ्याने धावा जमवल्या. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजयच्या. तरीही संघ एक डाव व ६१ धावांनी हरला.

पुढे १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतक काढले. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते.