नाव विचारून घ्या

1886 चा ऑक्टोबर. ॲरिझोनातल्या सान कार्लोसला, हिला नदीकाठच्या धुळीत तुम्ही उभे आहात. गेल्याच महिन्यात अपाची योद्धा जेरोनिमोनं शस्त्रं खाली ठेवली. त्याला आणि त्याच्या माणसांना आगगाडीत घालून फ्लोरिडाला धाडलं. इथल्या अपाचींना मनाला येईल तेव्हा डोंगरात जायची मुभा नाही. पुरुषांना सरकारनं नंबरचे बिल्ले दिलेत, शिध्याच्या वेळी मोजायला सोपं जावं म्हणून.

झोपडीच्या सावलीत एक म्हातारा बसलाय. पुढ्यात घायपाताचा वाळका दांडा. आपल्याकडे शेताच्या बांधावर लावतात तो घायपात मूळचा अमेरिकेतलाच. त्याला आयुष्यात एकदाच तुरा येतो, मग झाड मरतं आणि उंच दांडा तेवढा मागे उरतो. म्हाताऱ्यानं त्याचा हातभर तुकडा उभा चिरलाय. आतला भेंडासारखा गाभा तो सुरीनं खरवडतोय, भुसा मांडीवर सांडतोय. मग दोन्ही फाकी जुळवून तो जनावराच्या ओल्या नसेनं आवळतो. नस वाळली की आकसते आणि सांधा घट्ट धरते. वर आवाजासाठी भोकं, रंगाचे त्रिकोण, आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांची एकच तार. गजालाही तेच केस. त्यांना तो पिन्योन झाडाची राळ घासतो.

युरोपी व्हायोलिन पाहून अपाचींचं हे एकतारी वाद्य घडलं की जुन्या वाद्यधनुष्यातून, यावर अभ्यासक वाद घालत राहतील. तुम्ही गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ सरका. टोक छातीशी टेकवून तो गज ओढतो. डाव्या हाताची बोटं तारेला नुसती लागतात. आवाज बारीक, किंचित घोगरा. हे वाद्य मोठ्या सभेचं नाहीच. संग्रहालयात काचेपलीकडून ते पाहणाऱ्याला त्याचा हा स्वभाव कसा कळावा?

आणि म्हाताऱ्याचं नाव आत्ताच विचारून घ्या. हा नग उद्या कुणी संग्राहक घेऊन जाईल. संग्रहालयांतल्या अशा जुन्या वाद्यांखाली बहुधा जमात लिहिलेली असते, कारागीर नाही. मला ही उणीव फार सलते.

आता 1989 मध्ये या. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हे वाद्य घडवायची विद्या शिकलेले सान कार्लोस अपाची चेस्ली गोसेयून विल्सन यांना यंदा अमेरिकेची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळालीय. त्यांच्या हातातही घायपाताचाच दांडा आहे. हा सन्मान त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावानं मिळालाय.