वंगणाच्या नळकांड्यापासून कृत्रिम इंजिन तेलापर्यंत : शिरवळ परिसराच्या संदर्भात तेलनिवडीच्या अधिकाराचा इतिहास

गोषवारा

वाहनास कोणते वंगण घालावे, हा प्रश्न वरवर केवळ तांत्रिक वाटतो. परंतु त्याचे उत्तर देण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे पाहू गेल्यास यंत्र आणि समाज यांच्या संबंधांचा एक दुर्लक्षित इतिहास हाती लागतो. बैलगाडीच्या आसापासून कृत्रिम इंजिन तेलापर्यंतच्या प्रवासात हा अधिकार गाडीवानाकडून कारखान्याकडे व मिस्त्रीकडे गेला आणि आज घरीच तेल बदलणाऱ्या वाहनमालकाकडे अंशतः परत येत आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वंगण, इंजिन तेल, श्यानता, मानके, शिरवळ, रस्ते वाहतूक.

प्रस्तावना

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कात्रजचा घाट मागे पडतो आणि सारोळ्याजवळ नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. पुढे खंडाळा व खंबाटकीचा घाट. दोन घाटांच्या मधले हे गाव वाटसरूंच्या विसाव्याचे ठिकाण होते, याची साक्ष तेथील जुनी दगडी पाणपोई देते. येथील सुभानमंगळ हा किल्ला १६४८ मधील फत्तेखानाच्या स्वारीच्या निमित्ताने शिवकालीन इतिहासात प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे-मिरज लोहमार्ग झाला, तो जेजुरी, नीरा, लोणंद असा पूर्वेकडून गेला. त्यामुळे शिरवळचे दळणवळण सडकेवरच अवलंबून राहिले. बैलगाडी, मालमोटार, एस.टी., दुचाकी आणि मोटार ही वाहने याच सडकेवरून क्रमाने गेली. वंगणाच्या इतिहासाचा विचार करण्यास हे गाव म्हणूनच सोयीचे ठरते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे दोन आहेत : तेलनिवडीचे ज्ञान कोणाकडून कोणाकडे गेले, याचा मागोवा घेणे; आणि ‘कृत्रिम’ अर्थात सिंथेटिक तेलाच्या आजच्या निवडीस या इतिहासाच्या प्रकाशात तपासणे.

गाडीवानाचे ज्ञान

बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आसावर घासतो. त्या घर्षणाने आस झिजतो, बैलांवर ओढ वाढते आणि गाडी करकरते. त्यावर उपाय म्हणजे वंगण. काही भागांत त्यास ओंगण असेही म्हणत. एरंडेलासारखे दाट तेल चिंधीने आसावर फासले जाई आणि त्याचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. तेल कोणते, किती आणि केव्हा घालावे, हे गाडीवान स्वतः ठरवीत असे. चाकाचा आवाज, बैलांची धाप आणि घाटाची चढण हीच त्याची मोजमापे होती. येथे यंत्र वापरणारा व त्याची निगा राखणारा एकच होता, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

एरंडेलाचा संबंध बैलगाडीपुरता मर्यादित नव्हता, हेही नोंदविणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये स्थापिलेल्या कंपनीने १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या तेलास ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून. तापलेल्या धातूस चिकटून राहण्याच्या गुणामुळे आरंभीच्या विमानांच्या इंजिनांतही एरंडेल वापरले गेले. मात्र उष्णतेने त्याचा चिकट थर साचतो. या दोषामुळे खनिज तेलाने त्याची जागा घेतली.

तेलइंजिन आणि माहितीपुस्तिका

सातारा व सांगली परिसराला यंत्रयुगाची ओळख कारखान्यांनी करून दिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसविली. सातारारोड येथे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना उभारला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. नांगरापासून आरंभ झालेल्या या कारखान्यांची परंपरा पुढे तेलइंजिनांपर्यंत पोहोचली आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. वीज पोहोचण्यापूर्वी नदीकाठच्या शेतीस पाणी देण्याचे काम अशा इंजिनांनी केले.

इंजिनाचे वंगण आणि आसाचे वंगण यांत मूलभूत भेद आहे. आसाचे तेल केवळ घर्षण कमी करते. इंजिनातील तेलास त्याखेरीज उष्णता वाहून नेणे, काजळी धरून ठेवणे, आम्ल निष्प्रभ करणे आणि पिस्टनच्या कड्यांपाशी वायूची गळती रोखणे, अशी कामे करावी लागतात. ही कामे डोळ्यांना दिसत नाहीत व कानांना ऐकू येत नाहीत. तेल बिघडल्याचा आवाज येतो, तोवर बहुधा इंजिनाची हानी झालेली असते. अनुभवाच्या जोडीस उत्पादकाची सूचना येथूनच अपरिहार्य झाली. शेतकरी तेल स्वतःच बदलत राहिला. परंतु कोणते तेल घालावे, हे आता पुस्तिका सांगू लागली.

मानकांची भाषा

उत्पादकाची सूचना सर्वत्र एकाच अर्थाने समजावी, यासाठी समान परिभाषा हवी होती. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने (एस.ए.ई.) १९११ मध्ये तेलाच्या श्यानतेचे, म्हणजे दाटपणाचे, वर्गीकरण केले. ‘१५ डब्ल्यू-४०’ या खुणेतील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा दर्शवितो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याचे होय. दुसरा आकडा इंजिन तापल्यानंतरच्या दाटपणाची श्रेणी सांगतो. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने (ए.पी.आय.) १९४७ मध्ये तेलाच्या कामगिरीचे तीन प्रकार ठरविले. पुढे १९७० च्या सुमारास पेट्रोल इंजिनासाठी ‘एस’ व डिझेल इंजिनासाठी ‘सी’ या अक्षरांनी आरंभ होणारी श्रेणी रूढ झाली. दाटपणा आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे या दुहेरी खुणेतून स्पष्ट होते.

भारतात याच काळात वंगण तेलाचा व्यापार सार्वजनिक क्षेत्राकडे गेला. इंडियन ऑइलने १९७२ मध्ये ‘सर्व्हो’ हे नाव रूढ केले. एस्सोचे १९७४ मध्ये आणि बर्मा शेल व कॅलटेक्सचे १९७६ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. १ जून १९४८ रोजी पुणे ते तत्कालीन अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली होती. एस.टी.च्या विस्ताराबरोबर आगारांतील नियोजित देखभालीची पद्धत खेडोपाडी परिचित झाली. तेल बदलण्याचा निर्णय येथे चालकाच्या हातात उरला नाही. तो वेळापत्रकाच्या व कार्यशाळेच्या हाती गेला. खासगी मालमोटारींच्या बाबतीत तो रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे गेला.

दुचाकीचे वळण

पुण्याजवळ आकुर्डीत तयार होणाऱ्या स्कूटरने हा अधिकार काही काळ सामान्य कुटुंबाकडे परत आणला. दोन फेऱ्यांच्या म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे आणि ते प्रमाण मालकाच्या देखत पंपावर ठरे. तेल जितके अधिक तितके इंजिन सुरक्षित, असा समज त्या काळी पसरला. प्रत्यक्षात जादा तेलाने प्लगवर काजळी बसे आणि धूर वाढे. निवडीचा अधिकार होता, परंतु त्याला पूरक असे ज्ञान पुरेसे पोहोचले नव्हते.

१९८५ मध्ये हिरो होंडाची चार फेऱ्यांची दुचाकी आली. तीत इंजिन, गिअर व क्लच यांना एकच तेल पुरते. मोटारीच्या तेलात इंधन वाचविण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात. तेलात बुडालेला क्लच अशा तेलाने घसरतो. म्हणून जपानमध्ये १९९८ मध्ये दुचाकींच्या तेलासाठी ‘जासो’ हे स्वतंत्र मानक तयार झाले. त्यातील ‘एमए’ ही खूण अशा क्लचसाठी असते. महागडे मोटारीचे तेल दुचाकीस अधिक मानवते, हा समज या एका बाबीमुळेच निराधार ठरतो.

‘कृत्रिम’ या शब्दाचा इतिहास

कृत्रिम तेलाचा जन्म टंचाईतून झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला खनिज तेल अपुरे पडत होते आणि पूर्व आघाडीवरील थंडीत साधे तेल गोठत होते. तेथील रसायनशास्त्रज्ञांनी रेणू जुळवून वंगणे तयार केली. युद्धानंतर जेट विमानांच्या इंजिनांत एस्टर वर्गातील वंगणे आली. मोटारीसाठी ए.पी.आय.च्या कसोटीस उतरलेले कृत्रिम तेल अमेरिकेत ॲमसॉइलने १९७२ मध्ये आणले. १९७४ मध्ये ‘मोबिल १’ आले.

तेलाच्या मूळ द्रव्याचे ए.पी.आय.ने पाच गट केले आहेत. पहिले तीन गट खनिज तेलापासून क्रमाने अधिक शुद्ध केलेले, चौथा पॉलिअल्फाओलेफिन या जुळविलेल्या द्रव्याचा आणि पाचवा एस्टर इत्यादी उरलेल्यांचा. आरंभी चौथ्या व पाचव्या गटांनाच कृत्रिम म्हटले जाई. तिसऱ्या गटातील, हायड्रोजनच्या प्रक्रियेने रूपांतरित केलेल्या तेलास ते नाव देता येईल काय, यावर मोबिल व कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला. १९९९ मध्ये अमेरिकेतील जाहिरातविषयक स्वनियमन यंत्रणेने त्यास मोकळीक दिली. तेव्हापासून डब्यावरील हा शब्द विशिष्ट रसायनाचा नव्हे, तर बाजाराने मान्य केलेल्या दर्जाचा वाचक झाला. भारतात १९९० च्या दशकाच्या आरंभी वंगणाचा व्यापार खुला झाला. त्यानंतर परदेशी कंपन्यांच्या डब्यांबरोबर हा शब्दही आला. ग्राहकाने तो शब्द पाहून तेल घेतल्यास त्याची निवड जाहिरातीने केलेली असते. मानकाची खूण पाहून घेतल्यास ती त्याची स्वतःची असते.

घरी तेल बदलणाऱ्याची निवड

शिरवळच्या हवामानाच्या संदर्भात ही निवड तपासता येते. ‘० डब्ल्यू’ श्रेणीच्या तेलाची चाचणी उणे ३५ अंश सेल्सिअसला, तर ‘१५ डब्ल्यू’ची उणे २० अंशांना होते. नीरेच्या खोऱ्यात पारा शून्याच्याही जवळ क्वचितच जातो. त्यामुळे कृत्रिम तेलाच्या थंडीतील गुणाचा येथे लाभ मर्यादितच होतो. त्याचा खरा उपयोग उन्हाळ्यात, भरल्या गाडीने घाट चढताना आहे. कारण ते उष्णतेने लवकर विघटित होत नाही, त्याची वाफ कमी होते आणि त्याचा दाटपणा अधिक काळ टिकतो.

तथापि उन्हाळा कडक म्हणून पुस्तिकेतील श्रेणीपेक्षा दाट तेल घालणे नव्या इंजिनास अहितकारक ठरू शकते, कारण त्याच्या फटी व तेलाचे मार्ग पातळ तेलासाठी आखलेले असतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल वाहनांतील काजळीच्या गाळणीस कमी राखेचे तेल लागते. जुन्या प्रकारच्या तेलातील राखेने ती हळूहळू तुंबते. उलटपक्षी, जुन्या तेलइंजिनास महाग कृत्रिम तेल घालण्याने विशेष काही साधत नाही. निवडीचा क्रम म्हणून असा ठरतो : प्रथम पुस्तिकेतील श्यानता, नंतर ए.पी.आय. किंवा जासोची खूण, त्यानंतर डब्याचे मूळ झाकण शाबूत असल्याची खात्री आणि अखेरीस खनिज की कृत्रिम हा विचार.

जळक्या तेलाची जबाबदारी

गाडीवानाचे वंगण वनस्पतिजन्य होते; त्याच्या उरलेल्या भागाचा प्रश्न उद्भवत नव्हता. इंजिनातून काढलेल्या जळक्या तेलात मात्र धातूंचे कण व विषारी कर्बसंयुगे असतात. ग्रामीण भागात ते लाकडास वाळवी लागू नये म्हणून, बांधकामाच्या फळ्यांस लावण्यासाठी किंवा धुळीवर शिंपडण्यासाठी वापरले जाते. धोकादायक कचऱ्याविषयीचे नियम १९८९ मध्ये आले आणि २०१६ मध्ये त्यांची नव्याने रचना झाली. २०२३ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली गेली. परंतु स्वतःच्या अंगणात काढलेले तीन-चार लिटर तेल या व्यवस्थेपर्यंत पोहोचविणारा मालकच असतो. ते गटारात ओतले, तर उतारावरून ते नीरेस आणि पुढे भीमेस मिळते. बंद डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यास तेल देणाऱ्या कार्यशाळेत ते पोहोचविणे, हा तेल बदलण्याच्या कृतीचाच शेवटचा टप्पा मानावा लागतो.

निष्कर्ष

१. तेलनिवडीचा अधिकार गाडीवान, उत्पादक, कार्यशाळा व मिस्त्री आणि पुन्हा वाहनमालक अशा क्रमाने फिरलेला दिसतो.

२. प्रत्येक टप्प्यावर अधिकार व ज्ञान यांत अंतर पडले, तेथे समजुतींनी ती जागा घेतली. टू-स्ट्रोक काळातील जादा तेल आणि आजचे ‘कृत्रिम म्हणजे उत्तम’ ही त्याची दोन उदाहरणे होत.

३. मानकांच्या खुणांनी हे ज्ञान प्रथमच सार्वजनिक केले. परंतु त्यांची भाषा इंग्रजीच राहिली. ‘वंगण’ हा शब्द ज्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, त्या भाषेत डब्यावरील दोन ओळींचा अर्थ सांगणारे साहित्य तुरळकच आहे. ही उणीव भरून काढणे महाविद्यालयीन अध्यापनाच्या आवाक्यातील काम आहे.

४. गाडीवानाकडे निवड आणि परिणाम या दोहोंची जबाबदारी एकत्र होती. घरी तेल बदलणाऱ्याकडे निवड परत आली आहे. जळक्या तेलाची जबाबदारी त्याने स्वीकारली, तरच हे परत येणे पूर्ण झाले असे म्हणता येईल.