लाईट गेली तेव्हा लॉगमध्ये काय होतं?

सर्व्हरचा लॉग ज्यांनी कधी उघडून बघितलाय त्यांना ही वाक्यं आरतीसारखी पाठ असतील. "कनेक्शन टाईम्ड आऊट." "कनेक्शन रीसेट बाय पीअर." "नो रूट टू होस्ट." रोज तीच, दिवसातून शेकडो वेळा. कुणी वाचत नाही. आणि ज्या दिवशी खरंच काहीतरी कोसळतं, त्या दिवशी मॅनेजरपासून इंटर्नपर्यंत सगळे तोच लॉग उघडतात, त्यात तीच वाक्यं बघतात आणि ओरडतात, "सापडलं!"

सापडलेलं काहीच नसतं. ती ओळ कालही तिथेच होती.

हा घोळ फक्त आपल्या ऑफिसात होतो असं नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या दोन ठिकाणांवरून तो थेट विधिमंडळापर्यंत आणि तिथून न्यूयॉर्कच्या पेपरापर्यंत गेला होता. आजचा लेख त्याच्याबद्दल. नमनाला थोडं तेल जाईल, सांभाळून घ्या.

आधी या वाक्यांची जन्मकथा. टीसीपीचं जे मूळ स्पेसिफिकेशन आपण २०२२ पर्यंत प्रमाण मानत होतो ते सप्टेंबर १९८१ चं. दोन वर्षांनी, १९८३ साली, बर्कलीच्या युनिक्समध्ये, म्हणजे ४.२ बीएसडीमध्ये सॉकेट आले आणि त्यांच्याबरोबर हे एरर कोड आले. म्हणजे तुमच्या आजच्या क्लाऊडमधल्या सर्व्हरवर दिसणारं वाक्य चाळिशी ओलांडलेलं आहे.

यातल्या दोन वाक्यांतला फरक नीट समजून घ्या, पुढे लागणार आहे. "रीसेट" म्हणजे समोरच्याने स्पष्ट सांगितलं, "फोन ठेव." म्हणजे समोर कुणीतरी (किंवा मध्ये बसलेला एखादा फायरवॉल तरी) जिवंत आहे. "टाईम आऊट" म्हणजे समोरून उत्तरच आलं नाही. मशीन मेलं, केबल तुटली, राऊटर लटकला, फायरवॉलने पाकीट गिळलं, लाईट गेली... काहीही असू शकतं. टाईम आऊट हा पुरावा नसून पुराव्याचा अभाव आहे.

आता पडघा आणि कळवा.

कळवा म्हणजे ठाण्याहून स्लो लोकलने निघालं की खाडी ओलांडल्यावर येणारं पहिलं स्टेशन. पडघा म्हणजे भिवंडीच्या पुढे, मुंबई-नाशिक हायवेवरचं गाव. कल्याण-डोंबिवलीकरांच्या दृष्टीने एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोन्हीकडे महापारेषणची ४०० केव्हीची मोठी उपकेंद्रं आहेत. राज्याच्या इतर भागात तयार झालेली वीज मुंबई-ठाण्याकडे येते ती अशा मोजक्या नाक्यांवरून. नेटवर्कच्या भाषेत सांगायचं तर हे कोअर स्विच. (जाता जाता: आपल्या पट्ट्याचं विजेशी नातं जुनं आहे. रेल्वेचं विद्युतीकरण झालं तेव्हा गाड्यांसाठी रेल्वेने स्वतःचं वीजघर बांधलं ते ठाकुर्लीला. चोळा पॉवर हाऊस. ते बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली.)

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका फटक्यात अंधारात. कोविडचे दिवस, त्यामुळे लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चालू होत्या, त्याही जागच्या जागी थांबल्या. हॉस्पिटलं जनरेटरवर गेली. निम्मं शहर घरून काम करत होतं, ते लॅपटॉपच्या बॅटरीकडे बघत बसलं. शेअर बाजार मात्र चालू राहिले.

त्याच दिवशी तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी कारण सांगितलं. कळवा-पडघा इथे सर्किट १ ची देखभाल दुरुस्ती चालू होती, म्हणून सगळा भार सर्किट २ वर होता, आणि सर्किट २ मध्ये बिघाड झाला. आयटीवाल्या कुणालाही हे ऐकून वाईट वाटेल पण आश्चर्य वाटणार नाही. प्रायमरी मेंटेनन्सला, सगळं ट्रॅफिक सेकंडरीवर, आणि नेमकी त्याच वेळी सेकंडरी आडवी. शिवाय मुंबईची एक जुनी आयलंडिंगची व्यवस्था आहे. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहराने स्वतःला वेगळं तोडून घ्यायचं आणि आतल्या वीजनिर्मितीवर तग धरायचा. त्या दिवशी तीही टिकली नाही. म्हणजे डिझास्टर रिकव्हरीचा आराखडा कागदावर होता, प्रत्यक्षात चालला नाही. हेही आपल्याला नवीन नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली. रेकॉर्डेड फ्युचर नावाच्या अमेरिकन कंपनीचा अहवाल होता. चीनशी संबंधित एका गटाने (त्याला त्यांनी 'रेडएको' नाव दिलं) भारतातल्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांच्या नेटवर्कमध्ये शिरकाव केल्याचं त्यांचं म्हणणं होतं. गलवानची चकमक होऊन वर्षही झालेलं नव्हतं. लगेच प्रश्न आला: मग मुंबईची लाईट चीनने घालवली का?

दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. त्या आठवड्यात सभागृहात जे तपशील आले ते असे: १४ ट्रोजन हॉर्स असण्याची शक्यता, परदेशी सर्व्हरवरून ८ जीबी बेहिशेबी डेटा आल्याची शक्यता, आणि ब्लॅकलिस्टेड आयपी अ‍ॅड्रेसवरून लॉगिनचे प्रयत्न. २ मार्चला केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, वीज गेली ती मानवी चुकीमुळे, सायबर हल्ल्यामुळे नाही. आणि गंमत म्हणजे मूळ अहवाल लिहिणाऱ्या कंपनीनेच त्यात लिहून ठेवलं होतं की मुंबईच्या घटनेशी या मालवेअरचा संबंध सिद्ध झालेला नाही. पण तेवढं वाचेपर्यंत थांबतो कोण?

मी राजकारणात पडत नाही. पण हे तीन पुरावे लॉग वाचणाऱ्याच्या नजरेने एकदा बघू या.

ब्लॅकलिस्टेड आयपीवरून लॉगिनचे प्रयत्न. एखादा साधा व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घ्या, पब्लिक आयपी द्या, चहा पिऊन या. एसएसएचच्या लॉगमध्ये 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट' च्या ओळी सुरू झालेल्या असतील. कुठल्या कुठल्या देशांतून. त्यात तुमच्याशी वैर असलेलं कुणी नसतं, जगभर दारं ठोठावत फिरणारे बॉट असतात. असे प्रयत्न ११ तारखेला झाले असतील, १० तारखेला झाले असतील, आणि तेव्हा लाईट होती. जी गोष्ट रोज घडते ती एकटी त्या एका दिवसाचं कारण होऊ शकत नाही. त्या दिवशी वेगळं काय होतं ते दाखवावं लागतं. त्यासाठी 'नेहमीचा दिवस' कसा दिसतो याची नोंद आधीपासून लागते.

८ जीबी डेटा. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण किती दिवसांत? कुठल्या मशीनवर? कुठल्या पोर्टवरून? ऑफिसच्या नेटवर्कवर की ब्रेकर चालवणाऱ्या नेटवर्कवर? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्या आदल्याच वर्षी, ३० ऑक्टोबर २०१९ ला, अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं होतं की कुडनकुलमशी संबंधित एका पीसीवर मालवेअर सापडलं, पण तो प्रशासकीय कामाच्या नेटवर्कवरचा होता, संयंत्राच्या नियंत्रण यंत्रणेपासून वेगळा. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागणं वाईटच. पण त्यावरून लिफ्ट का बंद पडली हे कळत नाही.

१४ ट्रोजन. यांनाही हेच प्रश्न. ते होते म्हणून काळजी करायलाच हवी, पण 'होते' आणि 'त्यांनी केलं' या दोन वाक्यांच्या मध्ये बरीच मोठी खाडी आहे.

असाच पेच अमेरिकेत पडला होता. १४ ऑगस्ट २००३, दुपारी चारनंतर ईशान्य अमेरिका आणि कॅनडाचा काही भाग मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. तीनच दिवस आधी, ११ ऑगस्टला, ब्लास्टर वर्म पसरायला लागला होता. साहजिकच बोट तिकडे गेलं. पुढे अमेरिका आणि कॅनडाच्या संयुक्त पथकाचा अंतिम अहवाल एप्रिल २००४ मध्ये आला. ओहायोमधल्या हायटेन्शन तारा, खाली वाढलेल्या आणि न छाटलेल्या झाडांना टेकून ट्रिप झाल्या होत्या. वर्ममुळे वीज गेल्याचा पुरावा मिळाला नाही.

मग कंट्रोल रूमला हे वेळेत का कळलं नाही? कारण फर्स्टएनर्जी या कंपनीची अलार्म देणारी यंत्रणा दुपारी २:१४ ला गप्प झाली होती. एकही एरर न देता. २:४१ ला मुख्य सर्व्हर बंद पडला, काम बॅकअपवर गेलं, आणि २:५४ ला बॅकअपही पडला. स्क्रीनवर अलार्म येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं ऑपरेटर समजून चालले. पुढे कित्येक आठवडे लाखो ओळींचा कोड तपासल्यावर मूळ सापडलं: रेस कंडिशन. दोन प्रोसेसनी एकाच वेळी एकाच डेटावर लिहिलं. म्हणजे ज्या वर्मवर सगळ्यांचा डोळा होता तो निर्दोष, आणि खरा दोषी लॉगमध्ये नव्हताच. लॉगच बंद पडला होता!

त्या तपासात आणखी एक कटकट होती. वेगवेगळ्या यंत्रणांची घड्याळं जुळत नव्हती. हजारो नोंदींतली आधी कुठली आणि नंतर कुठली हे ठरवण्यातच तपास करणाऱ्यांचा बराच वेळ गेला. १९८५ पासून डेव्हिड मिल्स यांचं एनटीपी उपलब्ध असूनही ही अवस्था. घड्याळं जुळलेली असली तरी लॉगमधली वेळ ही घटनेची वेळ असतेच असं नाही. लिनक्सचंच बघा. टीसीपी कीपअलाईव्ह लावलेलं असलं आणि डिफॉल्ट बदललं नसेल, तर गप्प पडलेल्या कनेक्शनला सर्व्हर पहिली हाक मारतो ७२०० सेकंदांनी. मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा. मग हार मानतो. एकूण दोन तास अकरा मिनिटं आणि पंधरा सेकंद. म्हणजे ठाण्यात दहा वाजता लाईट गेली आणि एखाद्याचा राऊटर मेला, तर दूरच्या डेटा सेंटरमध्ये त्याची 'टाईम्ड आऊट' ची ओळ दुपारी बारा वाजून गेल्यावर पडू शकते. तोपर्यंत इकडे लाईट परत आलेलीही असेल. ती ओळ बघून कुणी "बारा वाजता काय झालं?" म्हणून शोधत बसला तर जन्मभर शोधेल.

आता दुसरी बाजू. सगळं काही खोटा अलार्मच असतो असं म्हणून झोपताही येत नाही. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. तिथे ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माऊस आपोआप फिरत होता आणि ब्रेकर उघडत होता. जाताना हल्लेखोरांनी 'किलडिस्क' ने मशीनं पुसली. हल्ला म्हणायला असा पुरावा लागतो: कुठल्या खात्यातून, कुठल्या मशीनवर, कुठली आज्ञा, आणि तिचा परिणाम कुठला ब्रेकर.

एवढा काथ्याकूट कशासाठी? कारण निदानावर उपाय ठरतो आणि उपायावर पैसा. हल्ला झाला म्हटलं की फायरवॉल घ्यायचे. दोनातलं एक सर्किट मेंटेनन्सला असताना दुसरं पडलं म्हटलं की तिसरा रस्ता बांधायचा. पहिली गोष्टही करायलाच हवी, पण तिने दुसरीचं काम होत नाही. १२ ऑक्टोबरनंतर सोळा-सतरा महिन्यांनी, २७ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी मुलुंड-ट्रॉम्बे ही २२० केव्हीची वाहिनी ट्रिप झाली आणि दक्षिण मुंबईची वीज पुन्हा गेली. मुंबईत जादा वीज आणणारी खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची, वर्षानुवर्षं रखडलेली वाहिनी अखेर २०२३ साली सुरू झाली. तिच्याबद्दल किती चर्चा झाली? ट्रोजनच्या दहावा हिस्सा तरी?

आपल्या कामातही हेच. रोज येणारा 'टाईम आऊट' कुणीतरी ग्रेप करून बाजूला टाकतो, रीट्राय तीनाचे पाच करतो, तिकीट बंद. कधीतरी एखादा सोमवार येतो आणि तेव्हा त्याच ओळीला आपण आरोपी करतो. दोन्ही वेळा ओळ तीच, आणि दोन्ही वेळा तिला विचारायचा प्रश्न राहूनच जातो: कालपेक्षा आज वेगळं काय आहे? सोमवारी ऑफिसला गेलात (किंवा घरूनच लॉगिन केलंत) की एकच करा. काहीही बिघडलेलं नसताना लॉग उघडा आणि एक साधा दिवस कसा दिसतो ते लिहून ठेवा. किती टाईम आऊट, किती रीसेट, किती फुकटचे लॉगिन. बिघडलेल्या दिवशी तुलनेला तेवढंच हाताशी असतं.